हत्तीच्या पिल्लाची लस आणि आपले बाळ

गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे. सुट्टीत मुलांना घेऊन तुम्हीही गेला असाल. हत्तीच्या पिल्लांचा एक मोठा वैरी म्हणजे हर्पीस विषाणू. माणसाला कांजिण्या आणि नागीण होते त्या विषाणूच्याच घराण्यातला हा. पण हत्तीचा हर्पीस माणसाला होत नाही. मोठ्या हत्तीच्या अंगात तो गुपचूप पडून राहतो. पिल्लाला मात्र आतून रक्तस्राव होतो आणि एक-दोन दिवसांत ते दगावू शकते. २०१९ मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणीसंग्रहालयात चार पिल्ले अशीच गेली.

इंग्लंडमध्ये चेस्टर प्राणीसंग्रहालय आणि सरे विद्यापीठ यांनी यावर लस तयार केली आहे. दुसरा एक निरुपद्रवी केलेला विषाणू घेऊन त्यात हर्पीसचा छोटा अंश बसवला. शरीर वैऱ्याची खूण ओळखायला शिकते, आजार मात्र होत नाही. २०२५ मध्ये निष्कर्ष आले: मोठ्या हत्तींना लस सोसली, प्रतिकारशक्तीही जागी झाली. पिल्ले किती वाचतात, हे अजून दिसायचे आहे.

‘लशीत विषाणू’ हे ऐकून दचकू नका. पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड याच पद्धतीची. तिच्यातला चिंपांझीचा सर्दीचा विषाणू आपल्या शरीरात वाढूच शकत नाही.

बाळ ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. त्याच्या लसीकरण कार्डावरची तारीख चुकवू नका. मनात शंका असेल तर आशाताईंना, डॉक्टरांना विचारा. मोबाईलवरच्या अफवेला नको.