गवत, क्लच आणि कुंपण

मंडळी, इथे व्हर्जिनियात जूनपर्यंत गवत कमरेला लागतं. परवा माझा जुना फोर्ड ८एन बाहेर काढला. १९४७ ते १९५२ या काळातलं हे मॉडेल, म्हणजे माझ्या बाबांच्या वयाचं! मागे रोटरी कटर जोडला. कुंपणाजवळ क्लच दाबला, तर ट्रॅक्टर थांबेचना. स्टिअरिंग वळवलं म्हणून कुंपण वाचलं, आणि मीही.

कारण साधं आहे. या ट्रॅक्टरचा पीटीओ गिअरबॉक्सवरून चालतो. क्लच दाबला तरी कटरची जड पाती गरगरत राहतात आणि तो जोर उलटा येऊन चाकांना ढकलतो. उपाय एकच, पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग कपलर बसवायचा. मग पाती मोकळी फिरत राहतात आणि ट्रॅक्टर थांबतो.

फोनवर बाबा म्हणाले, "आपला बैल बरा रे, कासरा ओढला की थांबायचा." हसलो, पण पटलं. जुनं ते सोनं खरं, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. जुन्या ट्रॅक्टरला नवा रंग देण्याआधी कपलर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

असो. उरलेलं गवत कपलर आल्यावर!