प्रसिद्धीचे नवे मानकरी

संगमनेरच्या मालपाणी समूहाने शिर्डीत उभारलेल्या 'साईतीर्थ' व 'वेट एन जॉय' या उद्यानांमुळे आपल्या जिल्ह्यातील यात्रेला सहकुटुंब करमणुकीची जोड मिळाली, हे आम्ही संतोषाने नमूद करतो. परंतु अशा स्थळांची वार्ता देशभर आता इंटरनेटवरील लोकप्रिय चेहऱ्यांच्या चित्रफितींतून पसरत असताना, त्या स्तुतीमागे मोबदला, निदान फुकट प्रवेश तरी, आहे किंवा कसे, हे मुलांच्या हट्टापुढे खिसा रिकामा करणाऱ्या पालकास कळलेच पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचनाही जारी केल्या आहेत. उद्यानांविषयी यत्किंचितही आकस न धरता प्रस्तुत अंक हाच प्रश्न, विशेषतः दुष्काळी तालुक्यांतील कुटुंबांच्या दृष्टीने, तपासतो. वाचकांनी आपले अनुभव व मतभेद अगत्याने कळवावेत.