पंखावरची बंदूक

फराळाचे ताट पुढ्यात असताना बंदुकीच्या गोष्टी कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण ही बंदूक दिसते तीच मुळी डोक्यावर थाळी घेतल्यासारखी! त्या गोल, सपाट थाळीत ४७ काडतुसे बसत.

हिचे नाव लुईस गन. अमेरिकन सैन्यातील कर्नल आयझॅक लुईस यांनी १९११ च्या सुमारास ती सिद्ध केली. मौज अशी की, घरच्या सैन्याने तिला नाक मुरडले आणि इंग्लंडने उचलून धरले. पहिल्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून ती हजारोंनी बाहेर पडली. तोवरच्या अवजड मशीनगनला तिवई लागे, नळी थंड ठेवायला पाणी लागे, वाहायला माणसे लागत. ही अवघी १३ किलोंची. एकटा शिपाई खांद्यावर घेऊन धावे. थाळी मात्र पाच सेकंदांत रिती होई. म्हणून भरलेल्या थाळ्या घेऊन मागे सोबती हवेच.

हलकी म्हणून ती विमानातही चढली. तेथे वाराच नळी थंड करी आणि थाळीही ९७ काडतुसांची झाली. पण फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमका बार काढणे तिला साधत नसे. मग ती पंख्याच्या वर बसवू लागले. 'डॉल्फिन' जातीच्या विमानात तर ती वैमानिकाच्या तोंडासमोर, आकाशाकडे रोखलेली असे. हेतू हा की, शत्रूच्या पोटाखाली शिरून मारा करावा. पण ती हेलकावून वैमानिकाच्याच तोंडावर आदळे! पुष्कळांनी ती काढूनच टाकली.

हे डॉल्फिन विमान मुंबईचा श्रीकृष्ण वेलिनकर चालवीत असे. ब्रिटिश वैमानिक दलात लढलेले हिंदी तरुण तेव्हा बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला हा एक. २३ क्रमांकाच्या पथकातून तो फ्रान्सच्या आघाडीवर उडे. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले त्याचे विमान परतलेच नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला आणि तीन दिवसांनी वारला. पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय पडला. त्याच्या विमानाच्या वरच्या पंखावरही लुईस गनच होती. वय अवघे १९. नोव्हेंबरात युद्ध संपले.

बंदूक हलकी झाली खरी, पण तिच्यामागे लागणारी माणसे काही कमी झाली नाहीत. उलट ती सातासमुद्रापलीकडून जाऊ लागली.