बोधचिन्ह विकत मिळत नाही

धर्मग्रामाने स्वतःचे सांस्कृतिक शिक्षण केंद्र उभारावे, तेथे मुलांनी आपली भाषा, आपली गाणी आणि आपला इतिहास शिकावा, हा विचार स्तुत्य आहे. त्याविषयी आमचा कोणाशीही वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीशी. अभ्यासक्रम लिहून व्हायचा असतो, शिक्षक ठरायचे असतात, ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा कपाटेच अधिक असतात. आणि समितीच्या दुसऱ्याच बैठकीत विषय निघतो तो बोधचिन्हाचा. कोणीतरी संगणकाला चार शब्द सांगतो आणि घटकाभरात दहा चिन्हे पुढे येतात: उघडे पुस्तक, उडते कबुतर, उगवता सूर्य, दोन तळहात आणि खाली रोमन लिपीतील तीन आद्याक्षरे. ती दिसायला वाईट नसतात. त्यांचा दोष एवढाच, की एखाद्या विमा कंपनीला किंवा खाजगी शिकवणी वर्गालाही ती तितकीच शोभली असती. जे चिन्ह कोणालाही चालते, ते कोणाचेच नसते.

संस्थेची दृश्य ओळख केवळ त्या एका चित्राने बनत नाही. दारावरची पाटी, अक्षरांचे वळण, रंग, पावतीपुस्तक, मुलाच्या हाती पडणारे प्रमाणपत्र, या सर्वांतून ती घडते. ती लोकांना दिलेले एक वचन असते: या दारातून आत आलात तर अमुक मिळेल. वचन काय द्यायचे हे ठरण्याआधीच त्याचे चित्र काढून घेणे म्हणजे मजकूर न लिहिताच करारावर शिक्का मारणे होय.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. सुमारे इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती शिक्षणावर 'पेडागोगस' म्हणजे 'शिक्षक' या नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात तो एका अगदी व्यावहारिक गोष्टीकडे वळतो: ख्रिस्ती माणसाने आपल्या मुद्रेच्या अंगठीवर कोणते चिन्ह कोरावे? कबुतर, मासा, वाऱ्यावर चाललेले गलबत, वीणेसारखे तंतुवाद्य, नांगर यांची तो शिफारस करतो. मूर्ती, तलवार, धनुष्य आणि मद्याचे पेले यांना मात्र तो नकार देतो. कारण शांतीच्या मागे लागलेल्याला शस्त्र शोभत नाही आणि संयमी माणसाला पेला. क्लेमेंटने नवी चिन्हे शोधून काढली नाहीत. बंदरावरच्या शहरातील माणसे जे रोज पाहत होती, त्यातूनच त्याने निवड केली. कसोटी मात्र एकच ठेवली: तुमचे चिन्ह आणि तुमचे जगणे यांचा मेळ बसतो काय? आमच्या मते या कसोटीत गेल्या अठरा शतकांत काही उणे पडलेले नाही.

ही कसोटी आपल्या केंद्रांना लावली, तर पहिला प्रश्न चित्राचा येत नाही, लिपीचा येतो. मराठी भाषा आणि संस्कृती शिकवू म्हणणाऱ्या केंद्राचे नाव पाटीवर ठळक रोमन अक्षरांत असते आणि देवनागरी, असलीच तर, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसवलेली असते. हे पाहून आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. हा इंग्रज जेज्वीट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. ही त्याची आवड नव्हती. १६०८ साली आपल्या संघाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली अनेक वर्षांची तळमळ त्याने व्यक्त केली होती. तमिळ ख्रिस्ती लोकांना ते भाग्य लाभले होते. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ लिपीत पुस्तक छापले गेले होते. आपल्याकडे अडचण आली ती खिळ्यांची. जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो साचे पाडावे लागतील, हे पाहून काम अडले. 'ख्रिस्तपुराण' देवनागरीत छापून वाचकांच्या हाती पडले ते शांताराम बंडेलू यांच्या प्रयत्नाने, १९५६ साली. म्हणजे तब्बल ३४० वर्षांनी.

स्टीफन्सजवळ इच्छा होती, खिळे नव्हते. आपल्याजवळ खिशातल्या फोनपर्यंत सर्वत्र देवनागरी आहे आणि इच्छा नाही. त्याची रोमन लिपी ही लाचारी होती. आपली रोमन लिपी ही निवड आहे.

यावर एक उत्तर हमखास येते: "फादर, आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना मराठी पाटी वाचता येत नाही." आम्ही या पालकांचा उपहास करीत नाही, त्यांची चिंता खरी आहे. परंतु त्यांचे उत्तरच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. मुलांना वाचता येत नाही म्हणूनच तर हे केंद्र काढायचे आहे ना? मग दारावरची पाटी हाच पहिला धडा का असू नये? ज्या मुलाला पहिल्या दिवशी ती अडखळत वाचावी लागली, त्याने वर्षाअखेरीस ती सहज वाचली, तर केंद्राचे सार्थक झाले असे समजावे. फारसी मुद्रांचा दरबारी रिवाज असताना शिवाजी महाराजांनी आपली राजमुद्रा संस्कृतात कोरून घेतली, हे आपण शाळेत शिकलो. आपण कोणाचे आहोत हे त्या मुद्रेने पहिल्याच कागदावर सांगितले. आपल्या केंद्राच्या पहिल्या कागदाने काय सांगावे?

देवनागरी वापरायची तर ती आदराने वापरावी, हेही तितकेच खरे. या लिपीला शिरोरेषा आहे. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, खाली उकार लोंबतात. म्हणून तिला रोमन ओळीपेक्षा अधिक उंची लागते. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत ती कोंबली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. चुकीच्या टंकात जोडाक्षरे मोडतात आणि 'ख्रिस्त' हे नावच तुटक्या अक्षरांत फलकावर चढते. प्रभूचे नाव मोडक्या अक्षरांत रंगवून खाली सोनेरी चिन्ह लावण्यात कसली भक्ती? र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने देवनागरी संगणकावर सुबक दिसावी यासाठी आयुष्य वेचले. त्या श्रमांचे फळ आज फुकट उपलब्ध आहे. ते न वापरणे हा केवळ आळस आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. काही उत्साही मंडळी म्हणतात, "आम्हांला परदेशी काही नकोच. समई घ्या, कमळ घ्या, लाल लुगड्यातली बाई घ्या, भोवती वारली चित्रांची नक्षी काढा, झाले भारतीयीकरण." या मंडळींचा हेतू चांगला आहे, पण रीत तीच बाजारी आहे, फक्त दुकान बदलले. लाल लुगडे हे एका समाजाचे भूषण आहे. त्याच धर्मग्रामात कोळी बांधव आहेत, आदिवासी भाविक आहेत, नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आहेत. त्यांनी त्या चिन्हात स्वतःला कोठे शोधावे? वारली चित्रांविषयी तर अधिक जपून बोलले पाहिजे. लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो त्या लोकांचा धर्मविधी आहे. आपल्या पत्रिकेची किनार नव्हे. आदिवासी मुले आपल्या वर्गात बसत नाहीत आणि त्यांची चित्रे मात्र आपल्या भिंतीवर नाचतात, याला संस्कृतिसंवर्धन म्हणावयास आमची जीभ वळत नाही.

ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले. ही मोकळीक आहे, तशी जबाबदारीही आहे. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी ती जबाबदारी परिषदेच्या कितीतरी आधी उचलली होती. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले आणि पवित्र मरियेला त्यांनी साडीत रंगवले. त्याबद्दल गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पुढे पुण्यात राहून त्यांनी आपले काम चालू ठेवले. त्यांची मरिया आपली वाटते याचे कारण केवळ साडी हे नाही. त्या साडीमागे एका माणसाची आयुष्यभराची साधना उभी आहे. साडी उसनी घेता येते. साधना उसनी मिळत नाही.

मग चिन्ह घ्यावे तरी कोणते? आम्ही ते सुचवणार नाही. चिन्हाची पारख कशी करावी, तेवढे एका उदाहरणाने सांगतो. समजा, कोणी घंटा सुचवली. कल्पना मोठी आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर येथील चर्चच्या घंटा मराठी मुलुखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या काळच्या पोर्तुगीज घंटा आजही पाहावयास मिळतात. मग समितीने स्वतःला विचारावे: हा इतिहास आपण मुलांना शिकवणार काय? गढूळ मन न ठेवता, जेत्यांचा आणि जितांचा, दोघांचाही, सांगणार काय? एकच घंटा दोन धर्मांच्या लोकांना प्रार्थनेला बोलावू शकते, हे त्यांना दाखवणार काय? उत्तर होकारार्थी असेल तर घंटा आपली. नसेल तर ते चिन्ह म्हणजे केवळ पितळेचा आवाज.

"एवढा खल कशाला? तो पैसा गरिबांना द्या," असेही कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की खरी उधळपट्टी अविचारात आहे. दर नव्या समितीबरोबर नवे चिन्ह, नवे फलक, नवी पावतीपुस्तके. जुना गठ्ठा रद्दीत. त्यापेक्षा एकदा नीट विचार करावा आणि कलावंताला त्याचा योग्य मोबदला द्यावा. स्पर्धा जाहीर करून पन्नास मुलांकडून फुकट चित्रे गोळा करायची आणि एकाला पेनचा संच द्यायचा, ही प्रथा थांबवावी. मजुराला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हे शुभवर्तमान आपणच वाचून दाखवतो. चित्र आल्यावर ते एकाच रंगात, रबरी शिक्क्याएवढे लहान करून पाहावे. रस्त्याच्या पलीकडून वाचता येते का ते पाहावे. शेवटी एखाद्या लहान मुलाला ते आठवून कोळशाने भिंतीवर काढायला सांगावे. त्याला ते जमले, तर ते लोकांचे झाले.

म्हणून धर्मग्रामातील समित्यांना आमची विनंती आहे: घाई करू नका. पहिले वर्ष केंद्राला चिन्हच नसू द्या. स्वच्छ, घोटीव देवनागरीत केवळ नाव लिहा आणि दार उघडा. ओव्या म्हणून घ्या, म्हाताऱ्यांकडून वाडीतली गाणी उतरवून घ्या, कोळीवाड्यातली आणि पाड्यावरची मुले एका सतरंजीवर बसवा. वर्षभरात तेथे काय फुलले ते पाहा आणि मग कलावंताला बोलावून सांगा, "आमच्याकडे हे घडले, याचे चित्र काढा." तेव्हा त्याच्यापुढे काढण्याजोगे काहीतरी असेल.