बालचित्रवाणीची धून फॉरवर्ड करताना



महिन्या-दीड महिन्याने आपल्या कुठल्यातरी ग्रुपवर तो एक व्हिडिओ फिरून येतोच. बालचित्रवाणीची सुरुवातीची धून, मागोमाग शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, कौलावरची अँटेना, एखादा जुना मर्फी रेडिओ. खाली वीस-पंचवीस रडके-हसरे इमोजी. कुणीतरी लिहितं, "काय दिवस होते राव!" दुसरं कुणी लिहितं, "आताच्या पोरांना काय कळणार यातलं?" दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि विषय संपतो.

ती धून ऐकली की मलाही बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण ज्यांना त्या धुनेने भरून येतं, त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की बालचित्रवाणी २०१७ साली कायमची बंद झाली? ग्रुपवर विचारून बघा. "अजून चालू होती होय?" असं उत्तर देणारेच जास्त भेटतील.

आज मला लिहायचंय ते याबद्दल. आठवणी काढायला माझी ना नाही. पण आपण ज्याची आठवण काढतो, ते हवापाण्यासारखं आपोआप आलेलं नव्हतं आणि काळाच्या ओघात आपोआप गेलेलंही नाही. कुणीतरी ठरवलं म्हणून ते होतं, आणि कुणीतरी ठरवलं म्हणून ते गेलं.

आधी जे होतं त्याबद्दल. आमच्या कोल्हापूर भागात रेडिओ म्हणजे सांगली आकाशवाणी. १९६३ साली ते केंद्र सुरू झालं, १२५१ किलोहर्ट्झवर. पुणे आणि मुंबई हवामान बरं असलं तर खरखरत लागायचं. सकाळचं सगळं घर रेडिओच्या घड्याळावर चालायचं. "इयम् आकाशवाणी" ऐकू आलं की सातला पाच कमी, म्हणजे आंघोळ झालेली पाहिजे. त्यानंतर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, तोवर भाकऱ्या थापून झालेल्या. शेतकऱ्यांचा कार्यक्रम म्हातारी माणसं ऐकायची आणि त्यात टोमणे मारायची. 'आपली आवड'मध्ये गाण्यापेक्षा जास्त लक्ष असायचं ते फर्माईश करणाऱ्यांच्या नावांकडे, कारण आपल्या शेजारच्या गावाचं नाव आलं की घरात आरडाओरडा. या रेडिओला एकेकाळी पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, हे वर्गात सांगितलं तर पोरं हसतात. गाडीला लायसन्स असतं, बाई, रेडिओला कसलं?

टीव्ही त्यानंतरचा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, 'चिमणराव', 'गजरा', 'किलबिल' ही नावं आपण ऐकतो, पण आमच्याकडे गल्लीगल्लीत टीव्ही दिसायला लागला तो ऐंशीच्या दशकात. एक जण कौलावर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. "आलं काय?" "मुंग्या हायेत अजून!" हे संभाषण ज्यांनी केलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' लागलं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले.

आता जरा कडू बोलते. त्या दिवसांत सगळंच गोड नव्हतं. गल्लीत एक टीव्ही आणि तीस पोरं, त्यांतली काही सतरंजीवर आणि काही उंबऱ्याबाहेर. कोण आत आणि कोण बाहेर, हे पोरांच्या वयावरून ठरत नव्हतं, हे आपल्या पिढीला चांगलं माहीत आहे. काही घरांत चार आणे घेऊन बसवायचे. घरातल्या बाईने अख्खं 'रामायण' स्वयंपाकघरातून कानाने बघितलं. ग्रुपवरच्या व्हिडिओत उंबऱ्याबाहेरचं पोर दिसत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. रेडिओवर, टीव्हीवर जी मराठी बोलली जायची ती आमची नव्हती. आमच्याकडे मुलगीसुद्धा "मी येतो, मी जेवलो" म्हणते. "आलतो, गेलतो" म्हणतो आम्ही. टीव्हीतली मुलगी मात्र "मी येते हं, आई" म्हणायची. ते ऐकून कितीतरी कोल्हापुरी पोरींनी वर्गात तोंड उघडायचं बंद केलं. आपलं बोलणं म्हणजे चूक, असं त्यांना वाटायला लागलं. काही कार्यक्रम तर निव्वळ रटाळ असायचे. खुर्चीत बसलेले दोन गृहस्थ, मध्ये प्लास्टिकची फुलं, अर्धा तास. दुसरं काही लावायला नव्हतं म्हणून आपण ते बघितलं.

एवढं वजा करूनही काहीतरी शिल्लक राहतं. काय राहतं? कुणीतरी मोठं माणूस, पगार घेऊन, तयारी करून, लहान मुलाशी त्याच्या मातृभाषेत नीट बोलत होतं. घाई नाही, किंचाळणं नाही, मध्येच "सबस्क्राइब करा" नाही. बाळ ज. पंडित क्रिकेटचं समालोचन मराठीत करायचे. चेंडू कुठे पडला, कुठे वळला, कोण धावला हे मराठीत डोळ्यांपुढे उभं राहायचं. मैदान न बघता मैदान दिसायचं. खासबागेत कुस्ती बघायला गेलात तर आजही निवेदकाचा आवाज ऐका. लांबच्या पायरीवर बसलेल्याला डाव धड दिसत नाही, त्याला तो आवाज डाव दाखवतो. कानाने बघायची ही सवय आपल्या पिढीला फुकट मिळाली.

आपल्या मुलांना ती मिळत नाही. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला जरा उभं राहून ऐका. मी ऐकते. दुसरीतली दोन पोरं पळत होती, मागचा ओरडला, "रुक जा, वरना मैं तुझे खत्म कर दूँगा!" एकाचे वडील कागलच्या एमआयडीसीत, दुसऱ्याच्या घरी चार म्हशी. दोघांच्याही घरात हिंदीचा शब्द नाही. पण भांडायचं, जिंकायचं, मरून पडायचं, पुन्हा उठायचं हे सगळं हिंदीत, कारण कार्टून हिंदीत. हिंदीवर माझा राग नाही. ती यावी, चांगली यावी. पण खेळ ही मुलाची पहिली गोष्ट असते, आणि कोल्हापुरातल्या पोराला तीच मराठीत रचता येईना झालीय. मग चौथीत आपण त्याला "चित्र बघून गोष्ट लिहा" सांगतो आणि पाच ओळी आल्या की समाधान मानतो.

तर आता, ते ठरवणाऱ्यांकडे वळू. 'गीतरामायण'चंच घ्या. त्याला चाली लावणारे आणि ते गाणारे सुधीर फडके मूळचे आपल्या कोल्हापूरचे, त्यांचा जन्म इथलाच. १९५५ च्या एक एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. त्यानंतर वर्षभर, दर आठवड्याला नवीन गीत, एकूण ५६. आपण गदिमा आणि बाबूजींची प्रतिभा म्हणतो, आणि ती होतीच. पण सीताकांत लाड नावाचे एक अधिकारी त्या केंद्रावर होते, त्यांनी असं काही करूया म्हणून धरलं. एका सरकारी केंद्राने एका कवीला सांगितलं की वर्षभर दर आठवड्याला लिहा, आम्ही वाजवतो. आज असा निर्णय कोण घेईल, सांगा.

बालचित्रवाणीचंही तसंच. १९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला. उपग्रहावरून शाळेच्या मुलांना शिकवता येईल, म्हणून सहा राज्यांत मुलांचे कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था काढल्या, त्यांतली आपली पुण्यात, १९८४ साली. लहान मुलांसाठी मराठीतून, आपल्याच राज्यात बनलेले कार्यक्रम. विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी, गाणी. ते बघायला शिकवणी लागायची नाही की पैसे पडायचे नाहीत. तेहतीस वर्षं ही संस्था होती. २०१७ साली शासनाने ती बंद केली. वर्तमानपत्रात बातम्या आल्या, थोडी हळहळ झाली. मोर्चा सोडा, आपल्या शिक्षक संघटनांच्या निवेदनांत ते बारावं-तेरावं कलम म्हणून तरी आलं का? माझ्या वाचनात नाही.

याच्या उलट एक उदाहरण. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या दुसऱ्या केंद्रावरून द्यायच्या, असा निर्णय झाला होता. त्यावर मात्र आरडाओरडा झाला. श्रोते बोलले, पत्रकार बोलले, पुढारी बोलले. केंद्रीय मंत्र्यांना त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे वेळेवर बोललं तर ऐकलं जातं! बंद पडल्यावर इतक्या वर्षांनी धून फॉरवर्ड करून कुणाला ऐकू जाणार?

आणि "आता ते शक्यच नाही" असं म्हणणाऱ्यांना २०२० ची आठवण करून द्यावीशी वाटते. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे लिंका पाठवत बसलो होतो आणि निम्म्या घरांत स्मार्टफोन एक, तोही वडिलांच्या खिशात. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, एमकेसीएलचं, पहिली ते आठवीसाठी. ठरलेल्या वेळी, मराठीत, घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती. माझ्या वर्गातली एक आजी नातवाबरोबर बसून डाळीचे दाणे मोजायची आणि मला फोन करून सांगायची, "बाई, आज आमचं भागाकार झालं." तिला लिंक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण टीव्ही लावता येत होता. शाळा उघडल्या आणि आपण ते विसरूनही गेलो.

पालकहो, मग घरी काय करायचं? जुने कार्यक्रम मुलांना जबरदस्तीने दाखवू नका. ते होत नाही. लॉकडाऊनमध्येच 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा आई-बाप हात जोडून बसलेले आणि पोरं दहा मिनिटांत उठून गेलेली, हे अनेक घरांत झालं. तुमची आठवण ही तुमची आहे, त्यांना तिचं ओझं कशाला? त्यापेक्षा दिवसातली दहा मिनिटं अशी ठेवा की घरात आवाज असेल आणि चित्र नसेल. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर हे ॲप मोबाइलवर फुकट मिळतं, त्यावर आपली केंद्रं लागतात. जेवताना लावा, फोन उलटा ठेवा. नाहीतर आजीला बोलू द्या, तिच्या शब्दांत. तिची मराठी सुधारायला जाऊ नका.

शिक्षकांनो, आपल्यासाठी थोडं जास्त काम आहे. श्रवण, भाषण, वाचन, लेखन असं आपण डी.एड.ला पाठ केलं, पण आकारिक मूल्यमापनात श्रवणाचा रकाना आपण कसा भरतो ते आपलं आपल्याला माहीत. मी यंदा चौथीला दर शनिवारी पाच मिनिटांची गोष्ट नुसती ऐकवते. फळ्यावर काही नाही, टीव्ही बंद. पहिल्या शनिवारी दोन मिनिटांत चुळबुळ. "बाई, चित्र कुठाय?" तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मान खाली घालून ऐकायला लागले. गोष्टीतल्या विहिरीचं चित्र काढायला सांगितलं तर चाळीस वेगवेगळ्या विहिरी आल्या. कुणाची मोटेची, कुणाची मोटार बसवलेली, एकीच्या विहिरीत कासव. टीव्हीवर विहीर दाखवली असती तर चाळीस जणांनी एकच काढली असती.

परिपाठात बातम्या वाचतात, त्या वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या, निम्मे शब्द न कळणाऱ्या. त्याऐवजी आम्ही शाळेच्या स्पीकरवर मुलांचंच बातमीपत्र सुरू केलंय, सोमवारी, चार मिनिटांचं. बातमी आपल्या गावची पाहिजे आणि आपल्या बोलीत चालेल, एवढे दोनच नियम. आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की निदान माइकवर तरी शुद्ध बोलायला पाहिजे. त्यावर आमचं थोडं वाजलं, पण तूर्त नियम कायम आहे. गेल्या सोमवारी एका मुलीने वाचलं: एसटी पंधरा मिनिटं उशिरा आली, टाकीची तोटी कुणीतरी मोडलीय, आणि त्यांच्या म्हशीला पहाटे रेडकू झालंय, ते बघायला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढून गोठ्यात यायचं. शेवटी म्हणाली, "बातम्या संपल्या. मी जातो."