एकाच भिंतीवर पाच टकरा

अल्झायमर बरा करणारं औषध अजून का नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: मेंदू फार गुंतागुंतीचा आहे. आहेच. पण मला या उत्तराचा राग येतो, कारण त्याच्या आड दुसरं एक कारण आरामात लपून बसतं. सगळे आपापली वही झाकून एकच गणित सोडवतात. एकाचं उत्तर चुकल्याचं शेजाऱ्याला कळेपर्यंत त्यानंही तेच लिहून ठेवलेलं असतं.

उदाहरण घ्या. या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं. ते तयार व्हायला 'बेस' नावाचं विकर लागतं. विकर अडवलं की आजार अडेल, असा तर्क होता. मर्क, जॅन्सन, अ‍ॅस्ट्राझेनेका-लिली, नोव्हार्टिस-अ‍ॅम्जेन आणि एसाय-बायोजेन अशा पाच ठिकाणी त्या एका तर्कावर पाच औषधं जवळपास एकाच वेळी माणसांवर तपासली जात होती. २०१७ ते २०१९ या काळात पाचही गुंडाळली गेली. एकट्या मर्कच्या दोन मोठ्या चाचण्यांत तीन हजारांहून जास्त माणसं होती. नुसतं अपयश असतं तरी समजलं असतं. पण यातल्या काही चाचण्यांत खरी गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरली.

चाचणी चालू असताना आकड्यांवर लक्ष ठेवायला स्वतंत्र समिती असते. पण तिची नजर आपल्या चाचणीच्या कुंपणापर्यंतच. धोक्याची बारीक खूण पाच ठिकाणी विखुरली, तर ती कुणालाच ठळक दिसत नाही. एकत्र पाहिली तर लवकर दिसू शकते. माझं भांडण या कुंपणाशी आहे.

यावर लगेच कुणी म्हणेल, 'विज्ञानात प्रयोग पुन्हा करून पाहावाच लागतो.' अगदी मान्य. २००६ साली 'नेचर'मध्ये आलेला अमायलॉइडवरचा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ साली मागे घ्यावा लागला. पडताळणी हवीच. पण दुसऱ्याचे आकडे समोर ठेवून केली तर ती पडताळणी. दुसऱ्यानं काय केलं हे ठाऊक नसताना तेच करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर, आणि त्यात धडपडतो तो पेशंट.

'स्पर्धा नसेल तर पैसा कोण घालेल?' हा दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर आहे. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅडनी' प्रकल्पात सरकारनं आणि औषध कंपन्यांनी मिळून पैसे घातले. हजारो मेंदूंचे स्कॅन आणि तपासण्यांचे आकडे जगभरच्या संशोधकांना खुले केले. सेंट लुइसच्या 'डायन-टीयू' चाचणीत रोश आणि लिली या प्रतिस्पर्धी कंपन्यांची औषधं एकाच छपराखाली तपासली गेली, आणि खोटं औषध घेणारा गट दोघांत सामाईक ठेवला. २०२० साली दोन्ही औषधं नापास झाली. पण खोट्या औषधावर राहणारी माणसं कमी लागली. नापास व्हायचीसुद्धा एक सभ्य पद्धत असते.

हे परदेशातलं प्रकरण आहे म्हणून सोडून देऊ नका. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत जगत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो मिळाला, कारण मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचं 'लासी' हे मोठं सर्वेक्षण आधीच उभं होतं. त्याच माणसांमधून निवड करून पुढची तपासणी झाली. पुन्हा शून्यातून दारोदार फिरावं लागलं नाही.

हा आजार मी घरात पाहिला आहे. अशा घराकडे वाट पाहायला वेळ नसतो. म्हणून माझी मागणी साधी आहे: सार्वजनिक पैशातून जमवलेले आकडे, रुग्णाची ओळख झाकून, खुले करा. फसलेल्या चाचण्याही पूर्ण छापा. एकाच तर्कावरच्या चाचण्यांना एकत्र पाहणारी समिती नेमा.

आणि उद्या तुमच्या आजीला कुणी चाचणीत घ्यायचं म्हणालं, तर सहीआधी दोन प्रश्न विचारा. ही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का? आणि ती फसली, तर आकडे इतरांना मिळतील का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून नुसतं हसू आलं, तर पेन खिशात ठेवा.