व्हिडिओ कॉलवरचा फळा

मंडळी, ऑनलाइन कार्यशाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मी सांगू? स्क्रीनवर वीस-पंचवीस चौकोन. त्यातले निम्मे काळे. एक जण बोलतोय, दोघं-तिघं मान डोलावतायत आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतंय, "माझा आवाज येतोय का?" शेवटी संयोजक मोठ्या उत्साहाने म्हणतात, "चला, आता तुमचे प्रश्न!" आणि मग जी शांतता पसरते ना, तेवढी शांतता वाचनालयातसुद्धा नसते.

यात बोलणाऱ्याचा दोष नाही आणि ऐकणाऱ्यांचाही नाही. दोष रस्त्याचा आहे. बेंगळुरूत राहणाऱ्यांना सिल्क बोर्डचा चौक आठवला की लगेच कळेल. गाड्या भरपूर, वाट एकच. प्रत्यक्ष खोलीत तीन कोपऱ्यांत तीन गप्पा एकाच वेळी रंगू शकतात. कॉलवर दोघं एकदम बोलले की दोघांचंही काही कळत नाही. मग "तुम्ही बोला", "नाही, आधी तुम्ही बोला" असं होतं आणि शेवटी जो रोज बोलतो तोच बोलतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे व्हिडिओ कॉल येण्याच्या कितीतरी आधी तपासलं होतं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं या दोघांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की गटात बसून मोठ्याने कल्पना सांगणाऱ्यांपेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसून जास्त कल्पना सुचवतात. यामागचं मोठं कारण म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागणं. थांबता थांबता माणूस मुद्दा विसरतो, किंवा "जाऊ दे, काय एवढं" म्हणून सोडून देतो. हे तुमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरही होत असेल, बघा कधीतरी.

यावर एक साधा उपाय आहे. कॉल चालू ठेवायचा आणि शेजारी एक फळा उघडायचा. ऑनलाइन व्हाइटबोर्ड म्हणजे इंटरनेटवरचा एक मोठा पांढरा कागद. संयोजक त्याची लिंक पाठवतो, ती उघडली की सगळ्यांना एकच कागद दिसतो आणि सगळ्यांना एकाच वेळी त्यावर लिहिता येतं, चित्र काढता येतं, रंगीत चिठ्ठ्या चिकटवता येतात. दुसऱ्याची चिठ्ठी उमटताना आपल्याला दिसते. झूममध्ये आणि मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये असा फळा आतच मिळतो. मिरो, फिगजॅम, कॅनव्हा यांचे वेगळे फळे आहेत. एक्सकॅलिड्रॉ तर खातं न उघडताही वापरता येतो. तुमच्या घरात कुणी आयटीत असेल तर त्यांना हे सगळं पाठ असणार. दर दोन आठवड्यांनी "काय चांगलं झालं, काय चुकलं" अशा चिठ्ठ्या लावण्याची त्यांची एक मीटिंग असते, तिला ते 'रेट्रो' म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की ही युक्ती ऑफिसातच का राहावी?

मी आणि माझी एक मैत्रीण मिळून रविवारी सकाळी इथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ऑनलाइन लेखन कार्यशाळा घेतो. ही मुलं शाळेत इंग्रजी, कन्नड, हिंदी लिहितात. मराठी फक्त घरात, तीही बोलण्यापुरती. त्यामुळे कॉलवर "आता मराठीत सांग" म्हटलं की मुलं गप्प होतात. चूक झाली तर सगळ्यांच्या देखत होणार, आणि मागे आई उभी! म्हणून आम्ही बोलण्याआधी लिहायला लावतो. विषय होता, आजीच्या घरातली एक वस्तू. वेळ पाच मिनिटं. सगळ्यांचे माइक बंद.

सहावीतली एक मुलगी आमच्याकडे चार रविवार आली होती आणि चारही वेळा तिचा चौकोन काळाच होता. नावाला 'येस' म्हटलं तेवढंच. त्या दिवशी फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसू नये अशा ठिकाणी एक पिवळी चिठ्ठी आली. "पाटा वरवन्टा. आवाज आटवतो. वास पण." बस, एवढंच. तिच्या शेजारी लगेच दुसऱ्या मुलाची चिठ्ठी आली, "पाटा म्हणजे काय?" मग तिने बोटाने चित्र काढलं. चित्र पाहून तिसऱ्याने विचारलं, "हा स्केटबोर्ड आहे का?" आणि चार रविवारांत पहिल्यांदा तिचा माइक सुरू झाला. "अरे, नाही रे!" असं म्हणून ती जी सुरू झाली ती खोबरं कसं वाटतात, पाण्याचा हात कधी लावतात, आजी बोट चाटायला कशी देते, सगळं सांगूनच थांबली.

आम्ही तिचं 'आटवतो' दुरुस्त केलं नाही. याबाबत मी जरा हट्टी आहे. सगळ्यांच्या समोरच्या फळ्यावर लाल रंग वापरायचाच नाही. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर, ज्याचं त्याला वेगळं सांगावं. फळ्यावर एकदा कुणाची चूक खोडली की पुढच्या पाच जणांचे हात थांबतात.

त्याच दिवशी आणखी एक गंमत झाली. एका मुलाची चिठ्ठी कन्नड लिपीत होती. त्याचे बाबा मागून म्हणाले, "अरे, मराठीत लिही ना!" पण कन्नड वाचता येणाऱ्या दुसऱ्या मुलीने ती मोठ्याने वाचली तर शब्द मराठीच होते, "आजीचा झोपाळा". त्याला देवनागरी हिंदीपुरती येते, पण त्यात 'ळ' कसा काढायचा ते माहीत नव्हतं. कन्नडमध्ये ळ आहे, म्हणून त्याने ती वाट धरली! ती चिठ्ठी आम्ही तशीच ठेवली आणि खाली देवनागरीत एक मोठ्ठा ळ काढून दिला. पुढच्या रविवारी फळ्यावर दोन रकाने केले, मराठी आणि कन्नड, आणि दोन्हीकडे सारखे वाटणारे शब्द शोधायला सांगितले. तूप आणि तुप्प. अक्का. अण्णा. मुलांनी घरातल्या मोठ्यांना विचारून विचारून रकाने भरले. कामवाल्या मावशींनाही विचारलं. कॉलवर तोंडी हे केलं असतं तर दोघांनी उत्तरं दिली असती आणि बाकीच्यांनी ऐकली असती.

चिठ्ठ्या भराभर जमतात, पुढे त्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न. इथे बऱ्याच कार्यशाळा घसरतात. फळा रंगीबेरंगी होतो, संयोजक "वा, किती छान!" म्हणतात आणि कॉल संपतो. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता नेपाळमध्ये गावोगावी माहिती गोळा करत. त्या नोंदींचा ढीग आवरण्यासाठी त्यांनी एक पद्धत बसवली, जी त्यांच्या नावावरून 'केजे' म्हणून ओळखली जाते. प्रत्येक नोंद वेगळ्या कागदावर लिहायची, सगळे कागद पसरायचे, एकमेकांजवळचे वाटतील ते शेजारी ठेवायचे आणि मग त्या गठ्ठ्याला नाव द्यायचं. नाव आधी नाही, नंतर. आम्हीही मुलांनाच चिठ्ठ्या सरकवायला सांगतो. पाटा, झोपाळा आणि देवघरातली घंटा एका गठ्ठ्यात गेले. मोठ्यांनी ते स्वयंपाकघर, अंगण, देवघर असे वेगळे केले असते. मुलांनी त्या गठ्ठ्याला नाव दिलं, 'आवाज येणाऱ्या वस्तू'. दिवसाचा निबंध तिथेच सापडला.

मोठ्यांच्या गटासाठी बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाची १९६८ सालची ६-३-५ पद्धत मस्त चालते. ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटांत. मग आपला कागद शेजाऱ्याकडे आणि त्याने त्यात भर घालायची. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना जमतात. सगळ्या चांगल्या नसतात हे उघड आहे, पण सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी 'अंताक्षरी' सोडून दुसरं काहीतरी सुचेल!

आता फोनचं बघू, कारण तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवरच वाचत असणार. फळा आणि कॉल एकाच छोट्या स्क्रीनवर म्हणजे कसरत आहे. फळा उघडला की चेहरे कोपऱ्यातल्या एका चौकोनात जातात, आणि जुना फोन असेल तर अडकतोच. घरात दोन फोन असतील तर एकावर कॉल, दुसऱ्यावर फळा. एकच असेल तर फळा उघडायचा हट्ट धरू नका. संयोजकाने स्क्रीन शेअर करावी, तुम्ही चॅटमध्ये लिहा, आणि एका मदतनीसाने ते चिठ्ठी करून फळ्यावर लावावं. आमच्याकडे काही मुलं वहीत लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, माझी मैत्रीण तो फोटो फळ्यावर चिकटवते. दिसायला तीच चिठ्ठी सगळ्यात सुंदर असते. आजी-आजोबांसाठी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायचं, मराठी अक्षरं आपोआप उमटतात. चुका होतात, पण लाल रंग नाही म्हटलं ना!

मात्र हा मदतनीस आधीच ठरवा. एकच माणूस बोलणार, फळा सांभाळणार, वेळ बघणार आणि "लिंक उघडत नाहीये"लाही उत्तर देणार, हे होत नाही. लिंक पाठवताना तिला फक्त बघायची परवानगी आहे की लिहायचीही, ते दुसऱ्या फोनवरून एकदा उघडून बघा. शीर्षक आणि रकाने लॉक करा, नाहीतर कुणाच्या तरी बोटाने अख्खं शीर्षक कोपऱ्यात जाऊन बसतं. पहिली पाच मिनिटं नुसती खेळायला द्या. नाव लिहा, आज नाश्त्याला काय खाल्लं त्याचं चित्र काढा. इडली काढणं सगळ्यात सोपं, म्हणून आमच्याकडे रविवारी सगळ्यांनी इडलीच खाल्लेली असते.

वेळ हातात ठेवा. झूमचा फुकट कॉल ४० मिनिटांनी तुटतो आणि गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं मिळतात. मिरोच्या फुकट खात्यात लिहिता येतील असे ३ च फळे मिळतात. पण ३ पुरतात हो, जुन्याचा फोटो काढून ठेवायचा आणि तोच पुसून पुन्हा वापरायचा.

फोटो काढून ठेवा असं मी का म्हणतेय, त्याला कारण आहे. गूगलचा जॅमबोर्ड आठवतो? लॉकडाऊनच्या काळात कितीतरी शिक्षकांनी तो वापरला, कारण मीटच्या कॉलमधूनच उघडायचा आणि वापरायला अगदी सोपा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने तो बंद करणार असं जाहीर केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर नवं काही लिहिता येईना आणि ३१ डिसेंबर २०२४ ला तो संपलाच. शाळेचा काळा फळा घंटा झाली की पुसला जातो, हे आपल्याला माहीत असतं. इंटरनेटवरचं कायम राहतं असं मात्र आपण उगाच धरून चालतो. मुलांच्या अक्षरातलं काही जपायचं असेल तर ते त्याच दिवशी आपल्या फोनमध्ये घ्या. पीडीएफपेक्षा स्क्रीनशॉट बरा, पीडीएफमध्ये कधी कधी जोडाक्षरं तुटतात.

आणि हो, प्रत्येक ठिकाणी फळा नको. आजोबा त्यांच्या लहानपणीचा पूर सांगत असतील तर चिठ्ठ्या-बिठ्ठ्या बंद ठेवा आणि ऐका. कुणी दुःखात असेल तेव्हाही. निनावी चिठ्ठ्यांचंही जपून. ज्यांना बोलायची भीती वाटते त्यांना नाव न लिहिण्याने धीर येतो हे खरं, पण आठवी-नववीच्या मुलांच्या हातात निनावी फळा दिला तर तीन मिनिटांत कुणाची तरी चेष्टा सुरू होते. तिथे नावं असलेलीच बरी.

या वेळचा गृहपाठ घरच्या कॉलसाठी. दिवाळीत किंवा गणपतीत कोण कुठे जमणार, कोण काय करणार, यासाठी बेंगळुरू, सांगली, पुणे असा कॉल होतोच ना? त्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर तीन रकाने करा. 'मी करेन', 'मला जमणार नाही' आणि 'मला कुणी विचारलंच नाही'. लिंक घरातल्या सगळ्यांना पाठवा. अगदी सगळ्यांना, नवीन सुनेला, दहावीतल्या भाच्याला, आणि दरवर्षी शंभर मोदक वळणाऱ्या काकूंनाही. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात आधी कोणाची चिठ्ठी येते, ते मला नक्की कळवा.